चार भिंतींच्या आतली चित्रे : अ‍ॅनी पूटूगुक

रंगीत पेन्सिल हे माध्यम आपण कधी फारसे गंभीरपणे घेतलेले नाही. तैलरंग म्हटले की चित्रकार आठवतो, जलरंग म्हटले की निसर्गचित्र आठवते आणि रंगीत पेन्सिलींची पेटी म्हटली की दुसरी-तिसरीतली मुले आठवतात. जूनमध्ये दप्तरात नवी पेटी येते. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तिच्यातली लाल आणि काळी झिजून बोटभर उरते, पांढरी मात्र वर्षभर जशीच्या तशी राहते. सातवी-आठवीत गेल्यावर मुले ही पेटी धाकट्या भावंडांना देऊन टाकतात. ज्या माध्यमाला मोठ्या माणसांच्या जगात किंमत नाही, त्यातून मोठ्या माणसांच्या जगातले सत्य सांगता येईल का? कॅनडातील अ‍ॅनी पूटूगुक या चित्रकर्तीची चित्रे पाहिल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात आहे. मूळ चित्रे इथून हजारो मैलांवर आहेत. मी ती छापील पानांवर आणि संगणकाच्या पडद्यावरच पाहिली. पण काही चित्रे अशी असतात की ती छपाईतून आली तरी माणसाला स्वस्थ बसू देत नाहीत.

अ‍ॅनीचा जन्म ११ मे १९६९ रोजी कॅनडाच्या अतिउत्तरेकडील केप डॉर्सेट या वस्तीत झाला. इंग्रजांनी दिलेले हे नाव टाकून २०२० पासून या वस्तीने किनगाइत हे आपले मूळ नाव अधिकृतपणे परत घेतले आहे. वस्ती दीड हजाराच्या आतली. बाहेरून तिथे जाणारा रस्ता नाही. माल विमानाने येतो, उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ सुटला की जहाजाने येतो. इथले लोक इनुइट. आपल्या पिढीने भूगोलाच्या पुस्तकात त्यांना 'एस्किमो' या नावाने वाचले. इग्लू, कुत्र्यांची गाडी, सीलची शिकार आणि केसाळ कातड्याचा अंगरखा एवढ्या चार गोष्टींवर आपण एका संपूर्ण समाजाची ओळख संपवली आणि परीक्षेत गुण मिळवले. अ‍ॅनीची चित्रे पाहिल्यावर पहिल्यांदा कळते, की त्या पुस्तकातल्या माणसाला घर होते, घरात भिंतीवर घड्याळ होते आणि त्या घड्याळाखाली रोजचे जगणे चालू होते.

अ‍ॅनीच्या आधीची थोडी पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय तिचे वेगळेपण लक्षात येणार नाही. १९५० च्या दशकात जेम्स ह्यूस्टन नावाचा कलाकार या भागात येऊन राहिला. इनुइट लोक दगड आणि हस्तिदंत कोरण्यात तरबेज होते. ह्यूस्टन जपानला जाऊन लाकडी ठशांची छपाई शिकून आला आणि ती कला इथल्या लोकांनी दगडी ठशांवर आणली. १९५९ मध्ये इथे सहकारी संस्था उभी राहिली आणि दरवर्षी छापचित्रांचा संच बाहेर पडू लागला. शिकारीवर जगणारे, तंबू आणि बर्फाच्या घरांतून फिरणारे हे लोक याच काळात सरकारी घरांमध्ये स्थिरावत होते. हाती पैसा येण्याचे साधन म्हणून कागद-पेन्सिल आली. सहकारी संस्था रेखाटने विकत घेई आणि त्यांतली निवडक छापली जात. पक्षी, अस्वले, शिकारी, आत्मे आणि जुन्या छावणीचे जीवन हे त्या छापचित्रांचे ठरलेले विषय झाले. दक्षिणेकडच्या शहरांतले ग्राहक ती 'पारंपरिक इनुइट कला' म्हणून विकत घेत. ही 'परंपरा' १९५९ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात थोडे जपानही मिसळलेले आहे, हे भिंतीवर चित्र टांगणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नव्हती.

अ‍ॅनीची आजी पित्सिओलाक अशूना ही या छापचित्रांतली फार मोठी कलावंत. १९०४ च्या आसपासचा तिचा जन्म. नवरा अकाली गेला, पदरात मुले होती. तेव्हा तिने उतारवयात कागद हाती घेतला आणि १९८३ मध्ये मरेपर्यंत सात हजारांहून अधिक रेखाटने केली. तिची मुलगी नपाची पूटूगुक (१९३८-२००२) हीसुद्धा चित्रकार. नपाचीच्या शेवटच्या काळातल्या चित्रांमध्ये बाईच्या वाट्याला आलेल्या मारहाणीचे, जबरदस्तीचे विषय येऊ लागले होते. अ‍ॅनी ही नपाचीची मुलगी. म्हणजे एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या बायकांनी एकाच सहकारी संस्थेसाठी चित्रे काढली. आजीने तारुण्यात पाहिलेली छावणी काढली. आईने छावणी आणि घर यांच्यामधला काळ काढला. नात काय काढणार? तिने छावणी पाहिलेली नव्हती. तिने घर पाहिले होते. १९९७ मध्ये तिने काढायला सुरुवात केली ती घरच.

तिची बहुतेक चित्रे एका ठरावीक मापाची आहेत, साधारण ५१ बाय ६६ सेंटिमीटरचा पांढरा कागद. आधी पेन्सिलीची फिकट रेघ, मग काळ्या पेनाची ठाम बाह्यरेषा आणि मग रंगीत पेन्सिलीने भरणे. खोली अनेकदा अशी दिसते, जणू पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू कापून आपल्याला आत डोकावायला दिले आहे. समोरची भिंत, दोन बाजूच्या भिंती, खाली जमीन, वर छत. त्या खोक्यात माणसे बसलेली, पहुडलेली, खाणारी, दूरदर्शन पाहणारी. भिंतीवर घड्याळ, विजेचे बटण, टेलिफोन. काहीही वगळलेले नाही आणि कशाचेही कौतुक नाही. पहिल्या नजरेला हे एखाद्या हुशार मुलीने चित्रकलेच्या वहीत काढल्यासारखे वाटते. अनेकांना तसे वाटले आणि ते तिथेच थांबले.

थांबू नये, असे एक चित्र सांगते. 'दूरदर्शनवर सीलची शिकार पाहताना' हे त्याचे नाव (२००३-०४). घरातली माणसे खोलीत बसून पडद्यावर सीलची शिकार पाहत आहेत. बस, एवढेच. पण विचार करत गेलो की या साध्या चित्रात एका समाजाची पन्नास वर्षे दिसतात. जी शिकार आजोबांचा श्वास होती ती आता पडद्यावर आहे. माणसे ती पाहत आहेत, जशी जगातली कुठलीही माणसे पडद्यावर काहीही पाहतात. चित्रकर्ती यावर हळहळत नाही. 'कुठे गेले ते दिवस' असा सूर तिने लावलेला नाही आणि 'बघा आम्ही किती सुधारलो' असाही लावलेला नाही. तिच्याच दुसऱ्या चित्रात माणसे घरात सीलचे मांस खात आहेत. म्हणजे जुने संपलेले नाही, ते नव्याच्या शेजारी येऊन बसले आहे. आपण ज्याला 'परंपरा आणि आधुनिकता यांचा संघर्ष' असे जड नाव देऊन परिसंवाद भरवतो, तो इथे जेवणाच्या वेळी एका खोलीत मुकाट्याने नांदतो आहे.

'कोलमन स्टोव्ह, रॉबिन हूड मैदा आणि टेंडरफ्लेक' असे लांबलचक नाव असलेले तिचे एक चित्र आहे. एक स्टोव्ह, मैद्याची पिशवी आणि चरबीचा डबा. यातली चरबी डुकराची, आपल्या घरात न येणारी. पण चित्र समजायला ती अडचण आली नाही. या तीन वस्तूंपासून तिथली रोजची भाकरी होते. वस्तूंवरची कंपनीची नावे तिने जशीच्या तशी काढली आहेत. युरोपातल्या जुन्या चित्रकारांनी टेबलावर सफरचंदे आणि सुरई मांडून वस्तुचित्रे केली, त्यांवर मोठमोठे ग्रंथ झाले. अ‍ॅनीच्या टेबलावर दुकानातला मैदा आहे, कारण बर्फाळ प्रदेशात गहू पिकत नाही आणि भाकरी तर रोज लागते. या चित्रात एका बाजारपेठेचा नकाशा आहे, तो पिशवीच्या छापावर लिहिलेला आहे.

याच विचाराचे मोठे रूप म्हणजे 'केप डॉर्सेटचा फ्रीझर' (२००५). वस्तीतले दुकान. फ्रीझरमध्ये रचलेले पाकीटबंद अन्न आणि समोर खरेदीला आलेली माणसे. हिवाळ्यात दाराबाहेर जग गोठलेले असते आणि लोक विजेवर चालणाऱ्या पेटीतून गोठलेले अन्न विकत घेतात. विनोद आहे, पण चित्रकर्ती डोळा मारत नाही. हसायचे की हळहळायचे हे ती पाहणाऱ्यावर सोपवते. दूरवरून विमानाने आलेल्या त्या अन्नाला किती किंमत मोजावी लागत असेल, हा हिशेब मात्र आपसूक मनात सुरू होतो.

आता माध्यमाकडे पुन्हा येऊ. हीच दृश्ये तिने तैलरंगात काढली असती तर काय झाले असते? माझ्या समजुतीप्रमाणे चित्र बिघडले असते. ब्रशच्या एका फटकाऱ्यात भिंत रंगवून टाकता येते. नको ती गोष्ट सावलीत ढकलता येते. एक रंग दुसऱ्याखाली लपवता येतो. रंगीत पेन्सिलीला यातले काही जमत नाही. तिच्यात रंगाची भुकटी मेणासारख्या पदार्थात बांधलेली असते. ती कागदाच्या खरखरीत पृष्ठावर घासली गेली तरच रंग उतरतो. खाली काढलेली रेघ वरच्या थरातून दिसत राहते. मेणाचा रंग रबराने पुरता निघत नाही. जमीन रंगवायची तर इंच इंच पुढे सरकावे लागते. खोलीतल्या माणसाच्या चेहऱ्याला जेवढे श्रम, जवळपास तेवढेच जमिनीच्या तुकड्याला. त्यामुळे चित्रात एक प्रकारची समानता येते. घड्याळ, चहाचा कप, बाईचा चेहरा, पुरुषाचा हात या सर्वांना सारखे लक्ष मिळते. दिवसभर घरात राहणारी बाई घराकडे असेच पाहते. तिला भिंतीवरचा डागही पाठ असतो. बाहेरून येणाऱ्या पाहुण्याला फक्त माणसे दिसतात.

ही समानता सर्वांत जास्त बोचते ती 'जोडीदाराला मारहाण करणारा पुरुष' (२००२) या चित्रात. एका पुरुषाने लाकूड उगारलेले आहे. पलंगावर बाई अंग आखडून बसली आहे. पुढच्या क्षणी काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे. चित्र मात्र त्या क्षणाच्या अलीकडे थांबलेले आहे. रक्त नाही, आक्रोश नाही. रंग तेच, जे जेवणाच्या चित्रात होते. रेघ तितकीच शांत. आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. काळे आभाळ, लाल रंगाचे फराटे, विस्फारलेले डोळे अशी भडक सामग्री तिने वापरली असती तर आपण 'भयानक!' म्हणून पान उलटले असते. इथे उलटता येत नाही, कारण खोली ओळखीची आहे. मार हा या खोलीत कुठून तरी बाहेरून घुसलेला नाही. तो घड्याळासारखा, पलंगासारखा इथलाच आहे, असे चित्र म्हणते. अ‍ॅनी हे स्वतःच्या अनुभवातून काढत होती. 'माझ्या आयुष्यातली आठवण : बाटल्या फोडताना' या नावाच्या चित्रात एक बाई घराबाहेर येऊन दारूच्या बाटल्या खडकावर फोडते आहे. नावातच 'माझ्या' हा शब्द आहे.

इनुइट भाषेत 'सुलिजुक' असा एक शब्द आहे. 'हे खरे आहे' असा त्याचा अर्थ. तिथले लोक चांगल्या चित्राबद्दल बोलताना हा शब्द वापरतात. सुंदर आहे की नाही हा नंतरचा प्रश्न, आधी ते खरे आहे का ते पाहायचे. माझ्या कानाला हा शब्द आपल्या 'हकीकत'च्या जवळचा वाटला. हकीकत या शब्दात 'हक' दडलेला आहे. म्हणजे जे खरे आहे ते सांगण्याचा कोणाला तरी हक्कही आहे.

इथे मला एक कबुली द्यावी लागेल. काही वर्षांपूर्वी चित्रकलेच्या तासाला मी मुलांना 'माझे घर' हा विषय दिला होता. वर्गातल्या सर्व वह्यांत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नारळाचे झाड आणि लाल कौलांचे घर आले. आमच्या वस्तीत यातले एकही नाही. एका मुलीच्या वहीत मात्र पत्र्याची खोली होती, मोरीजवळ पाण्याचे पिंप होते, खुंटीला बुरखा होता आणि खोलीच्या मधोमध एका माणसाचा हात वर गेलेला होता. तो हात बाकीच्या माणसाच्या मानाने फार मोठा काढलेला होता. मी काय केले? पान उलटले आणि म्हटले, "बेटा, यह नहीं, अच्छा वाला घर बनाओ." तिने दुसऱ्या पानावर दोन डोंगर काढले. मी तिला दहापैकी आठ गुण दिले.

बी.एड.ला आम्हाला मुलांच्या चित्रांचे मानसशास्त्र शिकवले होते. मुलाला जे महत्त्वाचे वाटते ते तो मोठे काढतो, हे उत्तर मी परीक्षेत लिहिलेले होते. तरीही पान उलटले, कारण मला भीती वाटली. त्या वहीवर उद्या तिच्या घरच्यांची नजर पडली तर? मुख्याध्यापकांनी पाहिली तर? आणि शाळा तपासायला आलेल्या बाहेरच्या साहेबांनी पाहिली तर ते म्हणतील, 'यांच्यात असेच चालते'. या तिसऱ्या भीतीने पहिल्या दोन भीतींवर मात केली, हे आज प्रामाणिकपणे सांगते. अ‍ॅनीची चित्रे पाहताना मला ते उलटलेले पान आठवले, आणि तिची चित्रे मला आवडण्याआधी त्यांचा राग आला होता हेही आठवले. घरची गोष्ट चव्हाट्यावर का आणावी, असे मीच म्हणाले होते. तिच्या काही चित्रांत तर शयनगृहातले खासगी प्रसंगही आहेत. ती चित्रे मी आजही चटकन पुढे सरकवते. माझ्या संस्कारांची ती मर्यादा आहे, चित्रांची नव्हे.

मुस्लिम मराठी साहित्याच्या वाचकाला ही तिसरी भीती नवी नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून हा पेच आपल्यासमोर आहे. घरातले खरे लिहावे तर बाहेरचा त्याचे हत्यार करतो. न लिहावे तर आतल्या बाईचा आवाज दबतो. मग बरेचदा आपण मधला मार्ग काढतो. ईदचा शीरखुर्मा, मोहल्ल्यातला भाईचारा, आजीची ममता. हे खोटे नाही. पण हे आपले 'दोन डोंगर आणि मधला सूर्य' आहे. उलट बाजूने बाहेरच्या वाचकाचीही एक ठरलेली मागणी असते. त्याला आपल्याकडून तलाक हवा असतो, बुरखा हवा असतो, पीडित बाई हवी असते. सकाळी नळाला पाणी आले म्हणून धावपळ करणारी, हप्त्यावर शिलाई मशीन घेणारी, मुलाच्या गणिताच्या गुणांवरून चिडणारी मुस्लिम बाई त्याला नको असते, कारण ती त्याच्याच घरातल्या बाईसारखी दिसते.

अ‍ॅनीच्या वाट्याला नेमके हेच आले. २००६ मध्ये टोरोंटोच्या 'पॉवर प्लांट' या समकालीन कलेच्या दालनात तिचे एकल प्रदर्शन झाले. त्याच वर्षी तिला कॅनडातला मानाचा 'सोबी' पुरस्कार मिळाला. पन्नास हजार डॉलरचा हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली इनुइट कलावंत. २००७ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरी भरणाऱ्या 'डॉक्युमेंटा' या जगप्रसिद्ध प्रदर्शनात तिची चित्रे लागली. इनुइट कला तोवर हस्तकलेच्या किंवा मानववंशशास्त्राच्या कपाटात ठेवली जात होती. रंगीत पेन्सिलीच्या या चित्रांनी ते कपाट उघडले. ही मोठीच गोष्ट झाली. पण तिच्यावर लिहिताना मारहाण, दारू आणि दुःख यांचाच उल्लेख आधी होऊ लागला. तिच्या एकूण चित्रांत अशी चित्रे थोडी आहेत. जास्त चित्रे खाण्याची, खरेदीची, झोपण्याची, दूरदर्शन पाहण्याची, उन्हाळ्यात तंबू ठोकून राहण्याची आहेत. पूर्वी बाजाराला इनुइट माणसाकडून अस्वल हवे होते, आता जखम हवी झाली. दोन्ही वेळा मागणी बाहेरचीच. अ‍ॅनीचे मोठेपण असे, की तिने अस्वल नाकारले आणि जखम हाही आपला एकमेव विषय होऊ दिला नाही. तिच्या चित्रांत मारणारा हात आणि मैद्याची पिशवी एकाच मालिकेत शेजारी शेजारी येतात. ही मालिका तोडून त्यातले एकच चित्र उचलणे म्हणजे तिला चुकीचे वाचणे.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नुसती स्तुती केली तर ते समीक्षण होणार नाही. तिची माणसे चेहऱ्याने फारशी वेगळी होत नाहीत. प्रसंग आणि कपडे बदलतात, चेहरा बराचसा तोच राहतो. खोक्यासारखी खोलीची रचना इतक्या वेळा येते, की काही चित्रे एकमेकींची नक्कल वाटतात. स्कॉटलंडमध्ये काही काळ राहून तिने तिथली चित्रे काढली. त्यांत बॅल्व्हेनीचा जुना किल्लाही आहे. तो किल्ला नीटस आहे, पण त्यात जीव रमत नाही. ज्या भिंतीच्या आत ती राहिली नाही, त्या भिंतीवर तिची पेन्सिल पाहुण्यासारखी फिरते. त्याच काळातल्या 'स्कॉटलंडमध्ये मी' या चित्राने मात्र मला धरून ठेवले, कारण त्यात परक्या ठिकाणी उभी असलेली ती स्वतः आहे. तिचे बलस्थान आणि तिची मर्यादा एकच आहे. जे जगले तेच ती काढू शकते.

पुढची हकीकत दुःखाची आहे. पुरस्कारानंतर अ‍ॅनी आपली वस्ती सोडून दक्षिणेत आली आणि राजधानी ओटावात राहिली. सहकारी संस्थेचे टेबल, शेजारी बसून काढणारी नात्यातली माणसे, काढलेले चित्र लगेच विकत घेणारी व्यवस्था हे सगळे मागे राहिले. व्यसन होते, डोक्यावर पक्के छप्पर नव्हते. तिची चित्रे संग्रहालयांच्या भिंतींवर होती आणि ती रस्त्यावर बसून नवी रेखाटने किरकोळ पैशांना विकत होती. १९ सप्टेंबर २०१६ रोजी रीडो नदीत तिचा मृतदेह सापडला. वय ४७. मृत्यू कसा झाला याचा उलगडा झाला नाही. उलट, तिथल्या एका पोलीस अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूसंबंधीच्या बातमीखाली आदिवासींविषयी हीन शेरे लिहिले. चौकशी झाली, त्याने दोष कबूल केला आणि त्याला काही महिन्यांपुरते खालच्या पदावर उतरवले गेले.

हा शेवट कळल्यावर तिची सगळी चित्रे त्या उजेडात पाहण्याचा मोह होतो. मारहाणीचे चित्र म्हणजे जणू भविष्यवाणी होती, असे कुणी लिहील. मला ते पटत नाही. तिच्या मरणाने तिची चित्रे अधिक खरी झाली असे म्हणणे हा तिच्यावर आणखी एक अन्याय आहे. चित्रे ती जिवंत असतानाच खरी होती आणि त्या वेळी ती पाहिली गेली, गौरवलीही गेली. प्रश्न चित्रांचा नाहीच. ज्या समाजाने चित्र विकत घेतले, त्याने चित्र काढणारीसाठी काय केले, हा प्रश्न आहे. कला माणसाला वाचवते असे आपण सभांमधून फार सहज बोलतो. कला खरे सांगते. वाचवण्याचे काम शेजाऱ्यांचे असते, शासनाचे असते, शाळेचेही असते.

तिच्यानंतर वाट बंद झाली नाही, हे समाधान. तिची मामेबहीण शुविनाई अशूना हिच्या रंगीत पेन्सिल आणि शाईच्या चित्रांना २०२२ च्या व्हेनिस प्रदर्शनात विशेष उल्लेखाचा मान मिळाला. शुविनाईची चित्रे अद्भुताकडे झुकणारी आहेत, तिथे पृथ्वीचे गोलच्या गोल माणसांच्या हातात येतात. पण रोजच्या वापरातली ती पेन्सिल आता संकोच न करता जगातल्या सर्वांत प्रतिष्ठेच्या दालनात जाते. पेन्सिलीला ही वाट आधी अ‍ॅनीने करून दिली.

अ‍ॅनीच्या चित्रांतले मला सर्वांत जवळचे वाटते ते तिच्या आजीच्या चष्म्याचे चित्र. कोरा पांढरा कागद आणि त्यावर जाड काळ्या चौकटीचा एक चष्मा. खोली नाही, माणसे नाहीत, घड्याळ नाही. दुसऱ्या काही चित्रांत हाच चष्मा लावून आजी रेखाटन करत बसलेली दिसते. नातीने आजीची छावणी, आजीचे पक्षी, आजीचे आत्मे यांतले काही उचलले नाही. तिने आजीचा चष्मा उचलला. वारसा म्हणजे आधीच्यांनी जे पाहिले तेच पुन्हा काढणे नव्हे, त्यांनी जितक्या नीट पाहिले तितक्या नीट आपण आपले पाहणे. आपल्यातल्या लिहिणाऱ्यांनी, आणि त्याहून जास्त आपल्यातल्या शिकवणाऱ्यांनी, हे ध्यानात घ्यावे असे मला वाटते.

ती मुलगी नंतर दुसऱ्या शाळेत गेली. यंदा 'माझे घर' हा विषय मी पुन्हा दिला. फळ्यावर नमुन्याचे घर काढले नाही. एवढेच म्हटले, "घरात जे आहे ते काढा, जसे आहे तसे." बहुतेकांनी डोंगरच काढले. तीन वह्यांत पिंप आले.